एका रात्रीत काही कोरलं जात नाही



आपल्या वस्त्यांमधून एक वाक्य फार ऐकू येतं. "दुसऱ्यांचे धर्मग्रंथ वाचून आपल्याला काय करायचंय? बाबासाहेबांनी सगळे वाचले, निकाल दिला, विषय संपला." बोलणारा मनापासून बोलतो. ज्या पोथ्यांनी त्याच्या आज्याला गावकुसाबाहेर ठेवलं, त्या पोथ्या त्याने हातात कशाला घ्यायच्या? त्याचा राग खरा आहे. पण या वाक्यात एक खोट आहे. बाबासाहेबांनी निकाल दिला हे बरोबर. तो त्यांनी कसा लावला ती रीत मात्र आपण त्यांच्या तसबिरीमागं ठेवून दिली. निकाल पाठ केला, खटला वाचलाच नाही.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. जे काही वाचलं ते रातपाळी उतरल्यावर, डोळ्यांवर पाणी मारून. गाव आंबेगाव तालुक्यातलं, आजोळ जुन्नरचं. म्हणून वेगवेगळे धर्म मोकळ्या मनाने कसे वाचायचे हे मी पंडितांच्या ग्रंथातून सांगायला जात नाही. आमच्या डोंगरांपासून सांगतो.

जुन्नरच्या भोवती डोंगर आहेत. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा. त्यांच्या पोटात दोनशेच्या आसपास लेणी आहेत. इसवी सनाच्या आधीपासून ते तिसऱ्या शतकापर्यंत, पिढ्यामागून पिढ्या माणसं हा कातळ कोरत होती. लहानपणी आम्हाला काय सांगितलं? पांडवांनी एका रात्रीत कोरली. आजी हेच सांगायची, तिला तिच्या आजीने सांगितलेलं. कोंबडा आरवला आणि काम अर्धवट राहिलं म्हणे.

रातपाळीत किती काम होतं ते मला विचारा. आठ तासांत किती बॉबिन भरतात, किती वेळा धागा तुटतो, पहाटे चारला पाय कसे लाकडासारखे होतात, हे मला ठाऊक आहे. छिन्नीने काळा कातळ फोडणाऱ्या माणसाचा हात काय म्हणत असेल ते मी ओळखू शकतो. एका रात्रीत डोंगर कोरणारा मजूर कुठल्याही खात्यात मिळायचा नाही. ही गोष्ट वरवर गमतीची वाटते. पण तिने हजारो पाथरवटांची मजुरी पाच राजपुत्रांच्या नावावर चढवली. आजीचा दोष नाही. तिला अक्षरं कुणी दिलीच नव्हती. आपल्याला मिळालीत, तेव्हा आपण भिंतीवर काय लिहिलंय ते वाचलं पाहिजे.

भिंतीवर ब्राह्मी लिपी आहे, भाषा प्राकृत. मानमोडीवर अंबा-अंबिका नावाच्या गटात एक अर्धवट राहिलेलं चैत्यगृह आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर दान देणाऱ्यांचे लेख आहेत. जुन्नरच्या लेखांत राजेमहाराजे फार थोडे. एका लेखात क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम भेटतो, वर्ष ४६ असं लिहिलेलं, मंडप आणि पाण्याचं टाकं दिलं म्हणून. बाकी बरीचशी नावं आपल्यासारख्या हातांची. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात कोठड्यांचं लेणं आणि टाकं दिलं. बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, म्हणजे आजच्या भाषेत बुरूड. कासारांची श्रेणी आहे. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. लोक तिच्याकडे ठेव ठेवत आणि तिच्या व्याजातून संघाचा खर्च चाले. लेण्याद्रीचं मोठं चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचं दान. त्याचा बाप हेरणिक, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार करणारा.

आणि याच लेखांत यवन आहेत. यवन म्हणजे ग्रीक, समुद्रापलीकडून आलेली माणसं. इरिल नावाच्या यवनाने शिवनेरीवर पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने भिक्खूसंघाला जेवणाचा मंडप दिला. चंद नावाच्या यवनाने मानमोडीवर गर्भदार दिलं. आडुथुम नावाचा एक शक उपासक करंजाची आणि वडाची झाडं लावण्यासाठी शेतजमीन लावून देतो. दोन हजार वर्षांपूर्वी कुठल्या कुठल्या मुलखातून आलेल्या या माणसांना जुन्नरच्या वेशीवर कुणी जात विचारली असेल का? त्यांनी दुसऱ्याचा धर्म ऐकला, पारखला, पटला आणि पदरचा पैसा घातला. दानाला या लेखांत शब्द आहे 'देयधम'. पिण्याचं पाणी, जेवायची जागा, झाडाची सावली. ज्या पाण्यासाठी आपल्याला १९२७ साली महाडला जावं लागलं, ते पाणी इथे धम्म म्हणून कातळात साठवलेलं होतं.

आता एक विचारतो. ही अक्षरं आपल्यापर्यंत कुणी आणली? शेकडो वर्षं ती कुणालाच वाचता येत नव्हती. १८३७ च्या सुमाराला जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अधिकाऱ्याने ब्राह्मी उलगडली. जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी डोंगरोडोंगर हिंडून लेखांच्या नकला घेत राहिले. १८८१ साली बर्जेस आणि भगवानलाल यांचं पश्चिम भारतातल्या लेण्यांतल्या लेखांचं पुस्तक निघालं. एक साहेब ख्रिस्ती, दुसरे ब्राह्मण घरातले. "दुसऱ्याचा धर्म वाचून आपल्याला काय करायचंय" असं ते म्हणाले असते, तर आज आपण लेण्यांत उभं राहून पांडवांचीच गोष्ट सांगत असतो. दुसऱ्यांनी मोकळ्या मनाने वाचलं म्हणून आपला इतिहास आपल्याला परत मिळाला. मग आपण दुसऱ्यांचं वाचताना कपाळाला आठ्या का घालायच्या?

जुन्नरहून कल्याणकडे उतरणारी जुनी वाट म्हणजे नाणेघाट. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या राणीचा लेख आहे, अभ्यासक तिला नागनिका म्हणतात. आपली पोरं लेणी बघायला येतात आणि नाणेघाट टाळतात. का? तर तो लेख यज्ञांचा आहे. सुरुवातीला इंद्राला, संकर्षण-वासुदेवाला, चंद्रसूर्याला नमन आणि मग अश्वमेधासारखे यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या हजारो गाई, घोडे, हत्ती, नाणी. मी म्हणतो, हाच लेख आधी वाचा. एकाच मुलखात, एकाच व्यापारी वाटेवर, थोड्याफार अंतराच्या काळात एक दगड दक्षिणेच्या गाई मोजतो आणि दुसरा दगड पाण्याची टाकी मोजतो. दोन्ही वाचल्याशिवाय ही तुलना करता येते का? आणखी एक. यज्ञ करणाऱ्या याच सातवाहन घराण्यातली गौतमी बलश्री नाशिकला भिक्खूंना लेणं देते. म्हणजे सरळ दोन छावण्या, इकडं आपले आणि तिकडं शत्रू, असं साधं चित्र तेव्हाही नव्हतं. माणसं धर्मांच्या मधून ये-जा करत होती. हे समजून घ्यायला मन मोकळं लागतं. मन मोकळं म्हणजे रिकामं नव्हे.

लेण्याद्रीकडे येतो, कारण खरी ठिणगी तिथंच पडते. तिथलं सातवं लेणं म्हणजे मोठा विहार, तीन बाजूंना भिक्खूंच्या वीस कोठड्या. मागच्या बाजूच्या मधल्या दोन कोठड्या एक करून तिथं गिरिजात्मज गणपती आहे, अष्टविनायकांपैकी एक. हजारो भाविक पायऱ्या चढतात. बहुतेकांना आपण विहारात उभे आहोत हे ठाऊक नसतं. मानमोडीवरही तेच. अंबा-अंबिका हे नाव ज्या मूर्तींमुळे पडलं त्या जैनांच्या. तीर्थंकर नेमिनाथ, त्याची यक्षी अंबिका, क्षेत्रपाल. बौद्ध लेण्यात पुढे जैन आले आणि लोकांनी त्या यक्षीला आपली अंबाबाई करून टाकलं. शिवनेरीवर जा. पोटात बौद्ध लेणी, वाटेवर शिवाई देवी, वर कमानी मशीद आणि १६३० साली जिथे शिवाजीराजे जन्मले ती जागा. खाली जुन्नर ही निजामशाहीची पहिली राजधानी.

हे सगळं बघून दोन प्रकारची माणसं दोन प्रकारचं बोलतात. पहिला म्हणतो, बघा, सगळे धर्म इथे सुखाने नांदले, सगळे सारखेच. हे बोलणं गुळगुळीत आहे. सारखे असते तर एका धर्मात आपला माणूस पाण्याला शिवला की पाणी बाटलं आणि दुसऱ्या धर्मात परक्या यवनाने पाण्याचं टाकं दिलं, असं झालं नसतं. दुसरा म्हणतो, सगळं आमचं, बाकीचे घुसलेले, हाकला. तोही दगड वाचत नाही, दगड हातात घेतो.

मोकळं मन या दोन्हींच्या पलीकडचं आहे. ते आधी विचारतं, काय आधीचं आणि काय नंतरचं? विहार आधीचा, गणपती नंतरचा. हे दगडच सांगतो आणि हे ठणकावून सांगितलं पाहिजे, फलकावर लिहिलं गेलं पाहिजे. त्यासाठी पायऱ्या चढणाऱ्या म्हातारीचा अपमान करायची गरज नाही. मग ते विचारतं, या धर्माने माणसाला काय दिलं? पाणी दिलं की विटाळ दिला? बाईला काय दिलं? जुन्नरच्या एका लेखात नगरातल्या भिक्खुणींच्या उपाश्रयाचा उल्लेख आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावात बाया घर सोडून, आपल्या मनाने धर्म शिकत होत्या. हा प्रश्न प्रत्येक धर्माला सारखाच विचारायचा. आपल्यालाही.

पोथीत नसलेला धर्मही शिकायचा असतो. आमच्या आंबेगावच्या पश्चिमेला, आहुप्याकडं, भीमाशंकरच्या रानाला लागून महादेव कोळ्यांची गावं आहेत. तिथं देवराया आहेत. देवाचं रान म्हणून त्यातली फांदी तोडत नाहीत. वाघबारसेला वाघदेवाला नैवेद्य दाखवतात, गुरं राखणारी पोरं पुढे असतात. आपण शहरातून जातो आणि "अंधश्रद्धा" असा एक शब्द फेकून परत येतो. अरे, आधी विचार तर, हे रान कशाने टिकलं? भीतीने, प्रेमाने की शहाणपणाने? घोड नदीवर डिंभे धरण झालं तेव्हा जुनं आंबेगाव पाण्याखाली गेलं. तालुक्याचं नाव राहिलं, गाव बुडालं. माणसं उठली तेव्हा त्यांचे देवही उठले. कागदावर ज्यांचा धर्म लिहिलेला नाही त्यांचा इतिहास सगळ्यात आधी बुडतो, हे आपल्याला सांगायला नको.

भीमाशंकरला देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती चर्चची. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पाकडून तिथं आली असं सांगतात. येणारा जाणारा ती वाजवतो. वस्तू एका धर्मातून दुसऱ्या धर्मात किती सहज जाते! माणूस गेला की मात्र गाव पेटतं. वस्तूला जात नसते म्हणून असेल.

आता ओतूर. हेही जुन्नर तालुक्यातलंच. जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज काढला, त्याचं बळ या भागात फार होतं. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८० च्या दशकात भटजीशिवाय घरचं लग्न लावलं. ग्रामजोशी कोर्टात गेले, आमची दक्षिणा बुडाली म्हणून. प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत चढलं आणि सत्यशोधकांची सरशी झाली. ओतूरच्या शेतकऱ्याने जे केलं ते नुसत्या रागाने होत नाही. विधी म्हणजे काय, तो कुणाच्या पोटासाठी आहे, त्यावाचून लग्न लागतं की नाही, हा विचार आधी झालेला असतो.

जोतीरावांची रीत बघा. मिशनच्या शाळेत शिकले, बायबल वाचलं, ख्रिस्ती झाले नाहीत. शिक्षण सुटलं तेव्हा वडिलांना समजावणाऱ्यांत गफार बेग मुन्शी होते. महंमद पैगंबरावर त्यांनी काव्य लिहिलं, मुसलमान झाले नाहीत. त्यांचा 'सार्वजनिक सत्यधर्म' हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ ला निघाला. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिलं आहे. बाईने बौद्ध ग्रंथ वाचून तो धर्म घ्यावा, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावं, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावं, मुलाने सत्यधर्मी व्हावं आणि सगळ्यांनी एका घरात एकमेकांवर माया करत राहावं. नीट बघा, प्रत्येकाने वाचून. कुणी सांगितलं म्हणून नाही, जन्मलो म्हणून नाही. आज आमच्या वस्तीत एक पोरगा बायबल वाचायला बसला तर लोक म्हणाले, "हा फुटला." जोतीराव असते तर त्याच्या शेजारी बसले असते आणि विचारलं असतं, काय पटलं, काय नाही पटलं?

गिरणीवाल्यांना नारायण मेघाजी लोखंडे माहीत असतील, नसतील तर असायला हवेत. सत्यशोधक माणूस. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून कामगाराला त्या दिवशी सुट्टी पाहिजे, असा मुद्दा त्यांनी मांडला. १८९० साली ती सुट्टी मिळाली. १८९३ ला मुंबईत हिंदू-मुसलमान दंगा झाला तेव्हा एकोप्याच्या सभेसाठी हाच माणूस पुढे होता. ज्याला कामगाराचा देव कळतो त्यालाच कामगाराला दंग्यापासून वाचवता येतं. नुसती नास्तिकाची ऐट मारणाऱ्याचं चाळीत कुणी ऐकत नाही.

आणि बाबासाहेब. घर कबीरपंथी. वडील रामजी पोरांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. १९०७ ला मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र हातात दिलं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. आपण जाळलेली लक्षात ठेवतो. जाळण्याआधी वाचलेली आणि जाळल्यानंतरही पुन्हा पुन्हा उघडलेली मनुस्मृती विसरतो. शूद्रांवरच्या १९४६ च्या पुस्तकात मनूचे दाखले जागोजाग आहेत. 'रिडल्स'वरून १९८७-८८ ला रान पेटलं, आपली माणसं लाखोंनी रस्त्यावर आली. त्या पुस्तकाचं बळ कशात आहे? वेद, पुराणं, स्मृती कोळून प्यायलेल्या माणसाने ते लिहिलंय म्हणून समोरच्याला उत्तर देणं जड जातं.

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला त्यांनी सांगितलं, हिंदू म्हणून मरणार नाही. दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरला. मधली एकवीस वर्षं मोजा. त्यांनी इस्लाम तपासला, ख्रिस्ती धर्म तपासला. एप्रिल १९३६ ला अमृतसरला शिखांच्या परिषदेत गेले. मे १९३६ ला मुंबईत महार परिषदेत आपल्या माणसांपुढे धर्मांतराचा हिशोब मांडला, भावनेने नाही, युक्तिवादाने. १९५० ला महाबोधीच्या अंकात लेख लिहून धर्माला चार कसोट्या लावल्या. धर्म नीतीवर उभा पाहिजे. बुद्धीला, विज्ञानाला पटला पाहिजे. स्वातंत्र्य, समता, बंधुता मानणारा पाहिजे. आणि गरिबीला पवित्र म्हणणारा नको. त्याच वर्षी कोलंबो, १९५४ ला रंगून. दीक्षेनंतरही काठमांडूला नोव्हेंबर १९५६ मध्ये बुद्ध आणि मार्क्स शेजारी ठेवून बोलले. देह थकलेला, तरी तुलना चालूच.

एकवीस वर्षं. पांडवांसारखं एका रात्रीत नाही. जुन्नरच्या पाथरवटासारखं, रोज थोडा थोडा कातळ.

आपण काय केलं? काहींनी बुद्धाचं देऊळ केलं. वंदना पाठ, अर्थ विचारला की सगळे गप्प. मोबाइलवर आलेला दोन ओळींचा मजकूर वाचून आपण दुसऱ्या धर्माशी भांडतो आणि असाच मजकूर वाचून दुसरा आपल्याशी. बुद्धाने कालामांना सांगितलं होतं, परंपरेने आलं म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, सांगणारा आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका. स्वतः पारखा. जो धम्म स्वतःलाच पारखायला सांगतो, त्याच्या माणसाला कुराणाची, बायबलची, गीतेची, ग्रंथसाहिबाची भीती कसली?

म्हणून माझी एक साधी सूचना. रविवारी विहारात दोन तास काढा. महिन्याला एक धर्म घ्या. त्या धर्माचं मूळ पुस्तक मराठीत आणा, त्यावर टीका करणाऱ्याचं पुस्तक नंतर. त्या धर्माचा एक माणूस बोलवा. मौलवी असो, फादर असो, वारकरी असो, आंबेगावचा कोळी भगत असो. त्याला चहा द्या आणि पहिला तासभर फक्त ऐका. मग चार कसोट्या फळ्यावर लिहा आणि प्रश्न विचारा, आडपडदा न ठेवता. बायका, जात, गरीब, गुलाम, पाणी. नंतर त्याच फळ्यावर, त्याच खडूने, आपला आजचा व्यवहार लिहा. आपल्या विहाराच्या कमिटीत बाया किती? मांग-चांभार भाऊ किती येतात? पोटजात बघून लग्नं जुळतात की नाही? तिथं खडू अडकला तर समजा, अभ्यास सुरू झाला.

आणि वर्षातून एकदा जुन्नरला या. मूर्ती शोधू नका, या लेण्यांत बुद्धाची कोरलेली मूर्ती नाही, स्तूप आहे. मानमोडीच्या अर्धवट चैत्याखाली उभं राहून चिट यवनाचं, इरिलाचं, आडुथुमाचं, बुरुडांचं, कासारांचं नाव मोठ्याने घ्या. बाहेरून आलेल्यांची आणि खाली दाबलेल्यांची नावं याच डोंगरांत आहेत. त्यांनी ऐकलं, पारखलं, मग दिलं.

बाबासाहेबांचा निकाल आपलाच आहे. पण तो आपण स्वतः वाचून मिळवू, तेव्हाच कुठलाही भट, मुल्ला, पुढारी तो आपल्या हातून काढून घेऊ शकणार नाही.

जय भीम.